फॉरमॅट मारल्यावरही निघालेली आधार कार्डं

आमच्या धंद्यात 'फॉरमॅट मार' हे दिवसातून चारदा तरी कानावर पडतं. मशीन स्लो झालं, फॉरमॅट मार. व्हायरस शिरला, फॉरमॅट मार. विकायचंय, मग तर मारच. मीही बावीस वर्षं तेच म्हणत आले. कराडात तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एका मशीनवर सुरुवात केली होती, चारपर्यंत पोचले, आणि त्यातली तीन गेल्या दिवाळीनंतर काढायची ठरली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या जुन्या प्रोसेसरांवर ११ काही चढेना. शेजारच्या तालुक्यातल्या एका टायपिंग क्लासवाल्यांनी तिन्ही सीपीयू घेतो म्हटलं. घासाघीस झाली, बयाणा म्हणून हजार रुपये ठेवले आणि जाताजाता म्हणाले, "ताई, तेवढं फॉरमॅट मारून ठेवा. रविवारी टेम्पो पाठवतो."

तो टेम्पो रिकामा परत गेला.

आधी त्या डिस्कांवर काय होतं ते सांगते. कचेरीजवळच्या दुकानात माणूस येतो तोच हातात कागद घेऊन. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, भाडेकरार, वारस नोंदीचा अर्ज. स्कॅन करायचं, साईट म्हणेल तेवढ्या केबीत बसवायचं, चढवायचं, पावती हातात द्यायची. ती फाईल मग डेस्कटॉपवर पडून राहते. पुसायला वेळ मिळत नाही हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की तोच माणूस दोन महिन्यांनी येऊन म्हणतो, "मागं आधार दिलं हुतं की, बघा जरा तुमच्या मशीनमधी." शोधून दिलं की तो खूश. असं एकेकाला खूश करता करता किती घरांचे कागद माझ्याकडे साठले याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

मला काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या स्वतःच्या कामाची. २००३ पासूनच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणेश मंडळांच्या पावत्या, दोन दिवाळी अंकांची पानं. निम्मं काम पानं मांडायच्या पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टांत. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की नुसत्या फाईली उचलून नेल्या तर उपयोग नाही. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर आतून इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर बसवलेलं असतं. फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसते. म्हणून फॉन्टचा सगळा फोल्डर वेगळा घेतला, श्रीलिपीचा डोंगल, म्हणजे ते चालू व्हायला मशीनला लावावी लागते ती किल्ली, चिठ्ठी लावून गल्ल्यात ठेवला आणि ज्या पत्रिका पुन्हा पुन्हा लागतात त्यांच्या पीडीएफही करून ठेवल्या. एका मशीनवर ह्यांचं टॅली होतं. त्याचं लायसन आधी सरेंडर करावं लागतं, मगच ते दुसऱ्या मशीनवर चालू होतं. हे आठवलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि मी शटर खाली ओढत होते. परत वर केलं.

बॅकअपच्या दोन प्रती केल्या. एक १ टीबीच्या नव्या पोर्टेबल डिस्कवर. ती मशीनमध्ये ९३१ जीबीच दिसते, म्हणून पूर्वी एकदा मी दुकानदाराशी भांडले होते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. दुसरी प्रत घरात पडलेल्या एका जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर, साध्या केसमध्ये घालून. या दुसऱ्या डिस्कनं पुढे माझा जीव घशात आणला. कॉपी झाल्यावर इकडून तिकडून वीस-पंचवीस फाईली उघडून बघितल्या. दोन उघडल्या नाहीत, त्या पुन्हा घेतल्या. गिऱ्हाइकांचे कागद मात्र कुठल्याच प्रतीत घेतले नाहीत, चालू कामाचे तेवढे सोडून. फॉरमॅट मारला की ते जाणारच आहेत, अशा हिशेबात होते मी.

शनिवारी दुपारी टायपिंगच्या मशीनपासून सुरुवात केली. त्यात ५०० जीबीची डिस्क. विंडोजचा पेनड्राईव्ह लावला, सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे कप्पे, डिलीट केली, नवीन एक केलं, फॉरमॅट दाबलं. चहा येईपर्यंत झालंसुद्धा. बावीस वर्षं यालाच आम्ही फॉरमॅट म्हणत आलोय.

संध्याकाळी माझा भाचा आला. इथंच इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी जेवायला येतो. टेबलावर उघडा सीपीयू बघून विचारलं, "मावशी, विकतेस?"

"हो. फॉरमॅट मारलाय एक."

"क्विक की फुल?"

मी म्हटलं, "क्विक. पटकन होतो ना."

तो काही बोलला नाही. डिस्क काढली, ॲडॅप्टरनं स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेल्या फाईली हुडकणारं फोटोरेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर चालू केलं. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, आकडे वाढत चाललेले. आम्ही जेवून आलो तेव्हा डिस्कचा थोडाच भाग वाचून झाला होता, पण आकडा हजारांत गेला होता. त्यानं मधेच थांबवलं आणि फोल्डर उघडला. फाईलींना नावं नव्हती, नुसते नंबर. त्यानं एकावर डबल क्लिक केलं.

आधार कार्ड. ए-फोरवर वर पुढची बाजू, खाली मागची, मी नेहमी लावते तसंच मांडलेलं. फोटोत कपाळभर कुंकू लावलेल्या एक आजी, डोक्यावरून पदर, कॅमेऱ्याकडे बघताना बहुतेक सगळ्यांचे होतात तसे मोठे झालेले डोळे. त्या कोण ते मला लगेच आठवलं. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला आल्या होत्या. सही येत नव्हती म्हणून प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेतला होता, आणि शाई पुसायला मी त्यांना कोरा कागद दिला होता. पुढची फाईल तेच प्रतिज्ञापत्र. अंगठ्याच्या रेघा मोजता येतील इतका स्वच्छ स्कॅन. त्यापुढे कुणाचं तरी बँकेचं पासबुक, पहिलं पान. त्यापुढे एका मुलीचा जातीचा दाखला.

"बंद कर," मी म्हटलं.

"अजून आहेत."

"म्हणूनच म्हणतेय, बंद कर."

मग त्यानं समजावलं, आणि ते मला चटकन पटलं कारण आमचा धंदाच तसला. तलाठ्याच्या दप्तरातून नाव कमी झालं म्हणून माणूस काही रानातून उठत नाही. तो आपला तिथंच नांगरत असतो. क्विक फॉरमॅटचं तसंच आहे. कुठली फाईल कुठं आहे याची यादी तेवढी नवी, कोरी होते. फाईली आपापल्या जागी तशाच, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक यादीकडे बघतच नाही. जेपीजीची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, पीडीएफची तिच्या ठरावीक खुणेनं. ते सॉफ्टवेअर डिस्कच्या एका टोकापासून निघून त्या खुणा हुडकत जातं. म्हणून नावं मिळत नाहीत पण चेहरे मिळतात. वर नवं विंडोज टाकलं तरी त्यानं वीस-पंचवीस जीबी जागा दाबली जाईल. उरलेल्या चारशेच्या वर जीबीचं काय?

अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, गारफिंकल आणि शेलत यांनी, २००३ मध्ये हेच छापलं होतं असं त्यानं सांगितलं. त्यांनी १५८ जुन्या डिस्का बाजारातून विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, लोकांच्या आजारपणाचे कागद. ते काम झालं तेव्हा माझं दुकान जेमतेम उघडलं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे कुणाला तरी माहीत होतं, मला सोडून.

क्लासवाल्यांना रात्रीच फोन केला, टेम्पो पाठवू नका म्हटलं. पण ड्रायव्हरपर्यंत निरोप पोचला नाही आणि रविवारी सकाळी तो दारात हजर. चहा पाजून परत लावला.

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं बसलो. भाच्याचं म्हणणं, सरळ डिस्कपार्ट वापरू. आज्ञा टाइप करून डिस्क हाताळायचं ते साधन विंडोजमध्येच असतं, वेगळं काही उतरवायला नको. विंडोजचा फुल फॉरमॅटही व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्यं लिहितो. एक्सपीच्या काळात तोही नुसता खराब जागा तपासायचा, लिहायचा काही नाही. म्हणजे ज्या काळात मी तासभर थांबून मोठ्या निष्ठेनं फुल फॉरमॅट मारायचे, तेव्हाही काही पुसलं जात नव्हतं. पण फुल फॉरमॅट एका पार्टिशनपुरता चालतो; लपलेली छोटी पार्टिशनं तशीच राहतात. डिस्कपार्टमधली 'क्लीन ऑल' ही आज्ञा पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत अख्ख्या डिस्कवर शून्य लिहीत जाते.

आणि ती काहीही विचारत नाही. 'खरंच पुसू का', 'नक्की ना', काही नाही. साधा पेनड्राईव्ह फॉरमॅट करतानाही विंडोज आधी विचारतं. इथं एंटर दाबलं की संपलं.

त्यानं 'लिस्ट डिस्क' लिहिलं. तीन ओळी आल्या. डिस्क ०, ४७६ जीबी. डिस्क १, ४६५ जीबी. डिस्क २, ४६५ जीबी. शून्य ही त्याच्या लॅपटॉपची स्वतःची. पुसायची होती ती ५०० जीबीची, म्हणजे ४६५ दिसणारी.

"सिलेक्ट डिस्क वन," तो स्वतःशीच बोलत टाइप करत होता.

मी म्हटलं, "अरे थांब, ४६५ च्या दोन कशा?"

त्याचा हात थांबला. आम्ही दोघांनी एकदमच टेबलाकडे बघितलं. सकाळी राहिलेल्या दोन पत्रिका मी बॅकअपवर टाकत होते, ती केसमधली जुनी डिस्क त्याच्याच लॅपटॉपला दुसऱ्या बाजूनं लटकत होती. तीही ५०० चीच. त्यानं 'डिटेल डिस्क' लिहिलं. खाली मॉडेलचं नाव आलं, आणि लेबलच्या रकान्यात मीच दिलेलं नाव: दुकान टू. निवडलेली डिस्क माझा बॅकअप होती. पुढचा शब्द 'क्लीन' होता.

१ टीबीवर दुसरी प्रत होती हे खरं. पण ते आठवायला मला बराच वेळ लागला, आणि तोवर पाणी प्यायला उठले होते.

त्यानंतर जी शिस्त लावली ती अशी. ज्या डिस्का ठेवायच्या त्या मशीनपासून सोडवायच्या आणि सरळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायच्या. टेबलावर फक्त पुसायची डिस्क. तिच्यावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर मार्करनं 'पुसणे', आणि खाली डिस्कच्या लेबलवरून बघून मॉडेल नंबर मोठ्या अक्षरांत. एकानं स्क्रीनवरचा मॉडेल नंबर वाचायचा, दुसऱ्यानं पट्टीवरचा. आम्ही टायपिंग केलेली याचिका प्रूफ तपासताना वाचतो, अगदी तसं. नुसत्या डिस्क नंबरवर जायचं नाही, कारण केबल काढून लावली किंवा मशीन रिस्टार्ट केलं की कालची डिस्क १ आज डिस्क २ होऊ शकते. साईजवर तर मुळीच जायचं नाही, ते आम्ही बघितलंच.

दुपारी बाराला 'क्लीन ऑल' सुरू झालं. बघण्यासारखं काहीच नसतं. टक्के नाहीत, पट्टी सरकत नाही, नुसता कर्सर लुकलुकत बसतो. चालू आहे की अडकलंय हे कळायला डिस्कवर हात ठेवायचा. गरम आणि बारीक थरथरत असेल तर चालू. लॅपटॉपचं स्लीप बंद केलं होतं, चार्जर लावला होता. पावणेतीनला लाईट गेली.

लॅपटॉपला बॅटरी, त्यामुळे आम्ही निर्धास्त. पण सीपीयूतली साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर चालत नाही. तिला १२ व्होल्ट लागतात, ते ॲडॅप्टरच्या भिंतीतल्या प्लगमधून येतात. लॅपटॉप झगझगीत चालू आणि डिस्क फिरता फिरता सुस्कारा टाकून गप्प. स्क्रीनवर आय-ओ एरर. कुठवर पुसलं गेलं हे डिस्कपार्ट सांगत नाही, म्हणजे पहिल्यापासून. डिस्क सहसा बिघडत वगैरे नाही असल्यानं, पण पावणेतीन तास गेले.

लाईट आल्यावर ॲडॅप्टर माझ्या चालू मशीनच्या यूपीएसवर घेतला. तेव्हाच भाच्याच्या लक्षात आलं की वायर काळ्या यूएसबी पोर्टात आहे. काळं म्हणजे सहसा यूएसबी २, सेकंदाला तीसेक एमबी. त्या वेगानं ५०० जीबीला साडेचार तासांच्या वर जातात. निळ्या पोर्टात लावली, तर पावणेदोन तासांत 'सक्सीडेड' असं उमटलं. सुरुवातीलाच निळ्यात लावली असती तर लाईट जायच्या आत उरकलं असतं. भाच्याला मी हे दोनदा ऐकवलं.

एकदाच शून्यं लिहून पुरतं का, हा प्रश्न मला पडला होता, कारण आमच्याकडे रिपेअरला येणारा पोरगा नेहमी सांगतो की सात वेळा फिरवल्याशिवाय डेटा जात नाही. कुणी पस्तीस म्हणतं. पस्तीसचा उगम पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या लेखात आहे. तेव्हाच्या निरनिराळ्या जुन्या पद्धतींच्या डिस्का धरून त्यांनी तो आकडा काढला होता, आणि नव्या डिस्कांवर पस्तीस वेळा फिरवण्यात अर्थ नाही असं पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेतही फिरत्या डिस्कसाठी साधारणपणे एकदाच लिहिणं पुरेसं धरलं होतं. आम्ही एकदाच फिरवली आणि पुन्हा फोटोरेक लावलं. या वेळी मी खुर्ची ओढून शेवटपर्यंत समोर बसले. शेवटी आकडा: शून्य. तरी खात्री म्हणून भाच्यानं डिस्क एका हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. पानंच्या पानं शून्य शून्य, शून्य शून्य. कुठंही मधेच उडी मारून बघा, तेच. मला ते बघायला फार बरं वाटलं, उगाच चार-पाचदा इकडून तिकडे फिरवलं.

दुसरं मशीन २०११ चं, ३२० जीबीवालं. हिच्यावर सगळ्यात जुने कागद. तिची तब्येत बघायला क्रिस्टल-डिस्क-इन्फो चालवलं तर निळ्याच्या जागी पिवळं. रिॲलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर, दोन्हींपुढे आकडे. डिस्कवर एखादी जागा खराब झाली की डिस्क स्वतःच ती बाजूला टाकते आणि राखीव जागेतली एक तिच्याऐवजी वापरायला घेते. बाजूला टाकलेल्या जागेत जुनं काही राहिलं असेल तर नेहमीच्या आज्ञा तिथवर पोचतच नाहीत. 'क्लीन ऑल' लावून बघितलं. थोड्या वेळानं आतून टक्... टक्... टक् असा आवाज यायला लागला, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखा, आणि मग एरर.

"ही विकू नकोस," भाचा म्हणाला. मीही तेच म्हणणार होते.

ती उघडली. वरचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं निघत नाहीत. एक तर स्टिकरच्या खाली लपलेला असतो, तो सापडेपर्यंत आम्ही झाकण उगाचच उचकत बसलो. आत एकच चकती. इतकी लख्ख की मला माझी टिकली वाकडी झालेली त्यात दिसली. चौदा वर्षं माझ्या टेबलाखाली मिनिटाला काही हजार फेऱ्या घेत असलेली ही वस्तू मी पहिल्यांदाच बघत होते. लोहचुंबकं दोन निघाली, छोटीशीच, पण दोघांच्या मधे बोट सापडलं की काय होतं ते भाच्याला कळलं. ती आता आमच्या कपाटाला चिकटून लाईटबिलं धरतात. चकती घेऊन मागच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्यानं काही न विचारता ड्रिलनं चार भोकं पाडली, मग पान्ह्यात धरून दुमडली. मोठ्या डिस्कमधली चकती बहुधा ॲल्युमिनियमची असते म्हणून ती दुमडली. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या पुष्कळदा काचेच्या असतात, त्या फुटून तुकडे उडतात. तसलं काही करायचं तर डोळ्यांवर चष्मा हवा. बाकीचा सांगाडा ई-कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

राहिली काउंटरवरच्या मशीनची एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, २४० जीबी. मला वाटलं ही सगळ्यात सोपी. पण इथं शून्यं लिहिण्याचा भरवसा नाही. एसएसडी झिजू नये म्हणून आतली चिप प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी लिहिते, आणि काही जागा तर ती बाहेर दाखवतच नाही. तुम्ही समजता जुन्यावर लिहिलं. तिनं लिहिलेलं असतं भलतीकडेच. तिच्यासाठी सिक्युअर इरेज अशी वेगळी आज्ञा असते, ती डिस्कलाच सांगते की तुझी तूच साफ हो. ती देणारं सॉफ्टवेअर डिस्कच्या कंपनीकडेच मिळालं. एसएसडी चालू मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून लावली. सॉफ्टवेअर म्हणालं, फ्रोझन आहे, म्हणजे डिस्क ही आज्ञा आत्ता घेणार नाही. मशीन चालू असताना एसएसडीची पॉवरची वायर काढून परत लावायची, असा त्यावरचा तोडगा. आयुष्यभर पोरांना 'चालू मशीनमध्ये हात घालू नका' म्हणून ओरडलेली मी, ते करताना डोळे मिटूनच होते. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

एक ध्यानात ठेवा. एसएसडीवर नुसता क्विक फॉरमॅट मारून फोटोरेक लावलं तरी पुष्कळदा काही सापडत नाही, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे विंडोज त्या जागा मोकळ्या झाल्याचं डिस्कला कळवतं. पण फोटोरेकला दिसलं नाही याचा अर्थ चिपमध्ये काही उरलं नाही असा होत नाही. म्हणून तिथं ती परीक्षा मी धरत नाही.

आणि ज्यांना सीपीयू उघडायचाच नाही त्यांनी निदान विंडोजच्या 'रीसेट'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर सेटिंग बदलून ड्राईव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करावा. तो आपोआप चालू नसतो, आणि वेळ खूप खातो. पण नुसत्या फॉरमॅटपेक्षा कितीतरी बरा.

सोमवारी आवराआवर करताना भाच्यानं कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनवर थाप मारली. मोठं, उभं, चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेलं. "मावशी, याच्यातपण हार्डडिस्क असते, माहितेय ना?" मला माहीत नव्हतं. स्कॅन आणि प्रिंट करणाऱ्या या मोठ्या मशीनांत पुष्कळदा डिस्क असते आणि पानांच्या प्रतिमा तिच्यावर जातात. म्हणजे माझे कागद पुढे कुणाकडे जातील हे दूरच. माझ्याआधी हे मशीन कुठल्या ऑफिसात होतं आणि तिथलं काय काय घेऊन ते माझ्याकडे आलंय? मेनूत डिस्क पुसण्याचा पर्याय दिसतो, पण तो ॲडमिनच्या पासवर्डमागे आहे. सर्व्हिसवाल्याला फोन केला. बघतो म्हणालाय. तिसरा महिना चालू आहे.

क्लासवाल्यांनी बुधवारी मशीनं नेली. एकात डिस्कच नाही म्हटल्यावर तोंड जरा वाकडं केलं. मी चारशे रुपये कमी केले.

परवा त्याच आजी आल्या. नातवाच्या कसल्याशा अर्जाला त्यांचं आधार जोडायचं होतं. हातात पिशवी, पिशवीत नुसतं पाण्याची बाटली आणि रेशनकार्ड.

"आधार कुठाय आजी?"

"तुझ्याकडं हाय की. मागं दिलंय. बघ त्या मशीनमधी."

"नाही आता. पुसून टाकलं."

"पुसलं? का गं?"

मी काय सांगणार. म्हटलं, ठेवत नाही आता कुणाचंच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं सांभाळायला दिलेलं काहीतरी हरवलंय. "मग आता गावाला जाऊन आणू व्हय? एसटी चारला हाय," म्हणाल्या, आणि रेशनकार्ड पिशवीत घालून पायरी उतरल्या.